दगडांना पेज घालणारे मयेकर

मयेकर कुणाच्याही घरी गेले, की पुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून आधी हुंगायचे. नुसता नाकाजवळ नेऊन नव्हे. डोळे मिटून, चांगला लांब श्वास घेऊन. मग एक तर "हं" म्हणून घटाघटा पिऊन टाकायचे, नाही तर तांब्या होता तिथे ठेवून देऊन बोलणं पुढे चालू करायचे. ज्या घरात त्यांनी तांब्या ठेवून दिला, त्या घरातून त्यांना पुन्हा बोलावणं येत नसे. रत्नागिरीतली निम्मीअधिक घरं त्यांना अशी बंद झाली होती, आणि त्याची त्यांना खबरही नव्हती.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते शेजारी म्हणून. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, एकटी राहणारी. ते पलीकडच्या घराची पडवी भाड्याने घेऊन नुकतेच राहायला आलेले. मी पाणी दिलं. त्यांनी ते हुंगलं आणि ठेवून दिलं. राख आणि चिंच लावून मी स्वतः घासलेला तांब्या होता तो. मी विचारलं, "काय हो, भांड्याला काही लागलंय का?"

"भांडं लख्ख आहे, बाई. माझी तक्रार पाण्याबद्दल आहे. तुमच्या विहिरीत फणसाची पानं कुजताहेत. गाळ काढून घ्या."

गडी उतरवला तर खरोखरच फणसाच्या पानांचा हातभर थर निघाला. म्हणून माझा राग गेला असं मात्र नाही. माणूस चुकीचा ठरला तर राग निवतो, खरा ठरला तर मुरतो. त्यातून काही महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे काय मागितलं असेल? शेजारी माणूस विरजण मागतो, फार तर काडेपेटी मागतो. यांनी विचारलं, "तुमच्या घरमालकांच्या गोठ्यातलं पाणी मोरीवाटे वाया जातं, ते मला रोज घागरभर मिळेल का?"

हे मयेकर मूळचे हर्ण्याचे. वडील गलबतावर तांडेल होते. मुलगा मुंबईला जाऊन रसायनशास्त्र शिकला आणि तिथेच शहराचं सांडपाणी शुद्ध करायच्या कामावर काही वर्षं राहिला. घरी सांगायची सोय नाही असलं ते काम. आईने गावात मुलगा "पाण्याच्या खात्यात" आहे असं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिसाव्या सालाच्या आगेमागे ते रत्नागिरीत आले, ते एका शेठजींच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून.

हा कारखाना आंब्याच्या रसाचा. गावाबाहेर, खाडीच्या वरच्या अंगाला. चैत्र-वैशाखात तिथे हापूसच्या टोपल्यांवर टोपल्या उतरत, बायका ओळीने बसून साली काढत, रस कढे, डब्यांत बंद होई आणि विलायतेला जाई. आम्हां रत्नागिरीकरांना त्याचा मोठा अभिमान. या अभिमानाचं धुणं कुठे जातं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ते जात होतं मागच्या पऱ्यात. आंबे धुतलेलं, टोपं विसळलेलं, फरशीवरून लोटलेलं, रसाने दाटलेलं पाणी सरळ त्या ओढ्यात सोडलेलं होतं. पऱ्या खाली उतरून खारव्यांच्या वाडीला वळसा घालतो आणि खाडीला मिळतो. वाडीची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर त्याच्याच काठावर आहे, आणि जिथे तो खाडीला मिळतो त्या चिखलात वाडीतल्या बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात.

उन्हाळ्यात पऱ्याची धार ती केवढी, करंगळीएवढी. त्यात ही भर पडली की पाणी आंबून काळं व्हायचं, वर फेस धरायचा. तिसऱ्या तोंड वासून मरून पडायच्या. वाडीतली सखू माझ्या दाराशी मासळी घेऊन यायची. तिची नात शेवंती माझ्याच शाळेत पहिलीत होती. एकदा टोपली उतरवून सखू म्हणाली, "मास्तरीणबाय, आमच्या बावीच्या पान्याला आंब्याचा वास मारतो. पन आंबा पिकल्यावानी नाय. आंबा मेल्यावानी."

पलीकडच्या पडवीत मयेकर बसलेले होते. ते उठून आले आणि सखूलाच विचारायला लागले: वास सकाळी जास्त की संध्याकाळी, ओहोटीला की भरतीला, तळाशी की वर. एखाद्या वैद्याने दुखण्याची चौकशी करावी तशी त्यांनी विहिरीची केली. दुसऱ्या दिवशी ते शेठजींपुढे उभे राहिले. डबे फुगू नयेत एवढंच बघायला त्यांना नेमलं होतं; पऱ्याचं दुखणं त्यांच्या पगारात बसत नव्हतं. पण मयेकरांना वास आला, की मग ते काम कुणाचं हा प्रश्न उरत नसे. शेठजींनी परवानगी दिली ती भूतदयेने नव्हे. दगड स्वतःच्या खाणीतला, चार गडी घरचे, वाडीची कटकट बंद होईल, एवढा हिशेब त्यांना पुरला.

मयेकरांनी काय केलं ते मला समजावलं होतं, तेच सांगते. ते म्हणाले, "बाई, रस म्हणजे अन्न. अन्न पाण्यात पडलं की पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्यावर तुटून पडतात. खाता खाता पाण्यातली हवा संपवतात, मग बाकीचे गुदमरतात. दोष जेवणाऱ्यांचा नाही, पंगत कुठे बसवली त्याचा आहे. पंगत पऱ्यात बसवू नका. वर बसवा, मोकळ्या वाऱ्यात. जेवून होऊ दे, मग निर्मळ पाणी खाली सोडा."

त्या पंगतीसाठी त्यांनी जांभ्याचा दगड फोडून घेतला. गोल गडगा रचून त्यात पुरुषभर उंच दगडांची रास केली, खालून वारा खेळायला वाटा ठेवल्या. आधी पाणी एका टाकीत थांबायचं. गर तळाशी बसायचा आणि त्याची आंबटी मारायला मयेकर स्वतःच्या हाताने किंचित चुना घालायचे. मग ते पाणी पोफळीच्या चिरलेल्या खोडांच्या पन्हळींतून दगडांवर यायचं. पन्हळींना भोकं पाडलेली, त्यांतून ते थेंबथेंब पाझरायचं. "जांभ्यासारखा दगड दुनियेत नाही," मयेकर म्हणायचे, "भोकाभोकांत बिऱ्हाडं राहतात."

ती बिऱ्हाडं वसवायची म्हणून गोठ्यातलं पाणी. आणि पेज. फाल्गुनात, आंबा उतरायच्या आधीच, हा गृहस्थ रोज सकाळी दगडांवर तांदळाची पेज आणि गुळाचं पाणी शिंपायला लागला. सगळ्या गावाला करमणूक झाली. बाजारात लोक विचारत, "काय मयेकर, दगड जेवले का?" त्यावर मयेकर शांतपणे सांगायचे, "तुमच्या देवळातल्या दगडाला तुम्ही रोज भात दाखवता आणि परत घरी आणून खाता. माझे दगड खरोखरच जेवतात." हे उत्तर त्यांनी देवळाच्या पुजाऱ्यालाही दिलं. माणसं जोडण्याची हातोटी त्यांना नव्हतीच.

हळूहळू दगडांवर बुळबुळीत थर धरला. करडा, कुठे हिरवट, हात लावला तर शिसारी यावी असा. मयेकर त्यावरून अलगद बोट फिरवायचे. तोच थर म्हणजे त्यांची पंगत. त्या मोसमात वरून आंबूस गढूळ पाणी जात होतं आणि खाली जे पडत होतं ते मी ओंजळीत घेऊन पाहिलं आहे. पऱ्या काळा झाला नाही. तिसऱ्या मेल्या नाहीत. वैशाख अर्धा झाला तेव्हा सखूने त्यांना विहिरीवर नेलं, कळशी ओढली आणि तांब्या भरून पुढे केला. मयेकरांनी डोळे मिटून हुंगला, "हं" म्हणाले आणि पिऊन टाकला. वाडीतल्या बायका एवढ्या हसल्या, की मयेकर लाजले. त्यांना लाजताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

इथवर लिहिताना हात बरा चालला. पुढचं लिहिताना आजही माझं डोकं तापतं, आणि ते तापू नये असं मला मुळीच वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी, वैशाख लागता लागता, डबे विकत घेणाऱ्या विलायती पेढीचा गोरा साहेब कारखाना बघायला येणार असं ठरलं. मयेकर भाचीच्या लग्नाला आगबोटीने हर्ण्याला गेले होते. जाताना मॅनेजरला बजावून गेले होते, "चुना टाकीत, तोही चिमूटभर. दगडांना हात लावायचा नाही." साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. झाडांचे बुंधे रंगतात, वाटेवरचे दगड पांढरे होतात, उकिरड्यापुढे तट्टे उभे राहतात. मॅनेजरने मागच्या अंगाला फेरी मारली आणि त्याला तो बुळबुळीत थर दिसला. साहेबाला ही घाण दाखवायची? त्याने गडी लावले. नारळाच्या सोडणांनी एकेक दगड घासून काढला, वर घट्ट चुन्याचा हात दिला आणि गडग्याला गेरूची पट्टी ओढली. मयेकर चुना वापरतात हे त्याने पाहिलेलं होतं. मग थोड्याने गुण येतो तर भरपूर घातल्याने वाईट काय होईल, असा त्याचा विचार. मॅनेजर रोज दहा पानं खाणारा माणूस. पानात बोटाला लागेल एवढाच चुना का लावायचा, हे त्याच्या जिभेला कळत होतं, फक्त डोक्याला कळलं नाही.

साहेब आला. पांढऱ्याशुभ्र दगडांपुढे उभं राहून त्याने स्वच्छतेची तारीफ केली. शेठजींनी ती तारीफ पुढे कित्येक दिवस गावाला ऐकवली.

मयेकर परतले ते पिशवी हातात घेऊनच दगडांपाशी गेले. मी शाळा सुटल्यावर त्या बाजूला गेले तर ते खाली उकिडवे बसून होते. खालून पडणारं पाणी त्यांनी हातात घेतलं, हुंगलं, टाकून दिलं. मला म्हणाले, "बाई, घरदार जेवायला बसलेलं असताना कुणी दार लावून आत धूर केला असता, तर त्याला फाशी दिली असती. इथे बक्षीस मिळालं."

ते शेठजींकडे गेले. मागणं अगदी साधं होतं. आठ-दहा दिवस कारखाना बंद ठेवा, मी दगड धुऊन त्यांवर पुन्हा थर धरवतो. तेवढे दिवस पऱ्यात पाणी सोडू नका. शेठजी म्हणाले, "मयेकर, आंबा थांबत नाही."

"आणि वाडीचं पोट थांबतं?"

शेठजींनी पुढची टोपली उघडायला सांगितली. आंबा थांबत नाही हे खरंच आहे. पण खड्डा खणून ते पाणी चार दिवस कातळावर वळवता आलं असतं, थोडा आंबा बाजारात विकता आला असता, काहीही करता आलं असतं. करायचं नव्हतं, एवढंच.

पऱ्या काळा झाला. विहिरीला असा वास सुटला की कळशी ओढणारीने नाकाला पदर लावावा. मग वाडीतल्या बायका खाडीकाठी वाळूत डवरे खणून मचूळ पाणी गाळून नेऊ लागल्या, जिथे गुरंही पाणी प्यायला येतात. वाडीत हगवण लागली. माझ्या वर्गातली शेवंतीची जागा आधी दोन दिवस रिकामी राहिली आणि मग कायमचीच रिकामी राहिली. चुणचुणीत मुलगी होती. बेरीज करताना बोटांऐवजी शिंपल्या मोजायची.

मयेकर त्या दिवसांत दिसले की ओळखू येत नसत. पहाटेपासून दगडांवर. चुना खरवडत, धूत, गोठ्यातलं पाणी शिंपत, पेज घालत. पेजेचा तांदूळ कारखान्याने बंद केला तेव्हा ती माझ्या चुलीवर शिजली. दगडांवर पुन्हा कुठे कुठे करडी साय धरायला लागली होती. आणि तेवढ्यात शेठजींनी चौकशी नेमली.

चौकशीला बसले एक वकील, एक डॉक्टर आणि शेठजींचे मेहुणे. बसले कुठे, तर शेठजींच्या बंगल्यावर, रसपुरीचं जेवण झाल्यावर. वाडीत रोग का पसरला याचा उलगडा त्यांना ढेकर देता देताच झाला होता: कारखान्यामागे एक वेडा माणूस दगडांवर शेण, मूत आणि शेवाळ पोसतो, रोग तिथूनच आला. विलायतेचा साहेब आला तेव्हा सगळं कसं स्वच्छ होतं, साहेबानेच सांगितलं होतं की नाही? वाडीतल्या एकाही बाईला त्यांनी बोलावलं नाही. मी न बोलावता गेले. मी म्हटलं, शेवाळ असताना विहीर गोड होती आणि शेवाळ घासल्यावर नासली, एवढा क्रम तरी बघा. वकील म्हणाले, "बाई, आपण मुलींना विणकाम शिकवता ना? उत्तम काम आहे ते." मी गणित आणि भूगोल शिकवत होते. आजही ते आठवलं की हातातली वस्तू आपटावीशी वाटते.

मयेकरांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्यापुढे चांदीच्या तांब्यात पाणी ठेवलेलं होतं. त्यांनी सवयीने उचलून हुंगलं, "हं" केलं आणि सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाले, "पाणी उत्तम आहे. कारण तुमची विहीर कारखान्याच्या वर आहे." याखेरीज ते एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं मी नंतर त्यांना रागावून म्हटलं. ते म्हणाले, "बाई, ज्यांना वास येत नाही त्यांना काय समजवायचं?" त्यांना उद्धट ठरवून कामावरून काढलं. दगडांची रास मोडली. जांभा फुकट कशाला घालवा म्हणून शेठजींनी तो बंगल्याच्या नव्या कुंपणाच्या भिंतीला लावला आणि वरून चुना मारला.

पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या आगबोटीने मयेकर मुंबईला निघाले. पोचवायला मी होते आणि सखू. नातीला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिने पदराखालून तांब्या काढला आणि म्हणाली, "मयेकरभाव, प्या. आमी पितांव ताच पानी हाय."

मयेकरांनी तांब्या घेतला. तो नाकाशी नेला नाही. हुंगलाच नाही. तोंड वर करून सगळा पिऊन टाकला, तांब्या सखूच्या हातात दिला आणि आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात चढले. मला आधी रडू आलं आणि मग त्यांचाही राग आला. शेठजींचा, मॅनेजरचा, वकिलाचा राग होताच. पण साऱ्या गावात एकच नाक शाबूत होतं, आणि त्या नाकानेही त्या दिवशी हात टेकले.

चार-पाच वर्षांनी हर्ण्याहून आलेल्या एका मासळीवाल्याने सांगितलं, मयेकर मुंबईत तापाने गेले. शेवटपर्यंत त्याच सांडपाण्याच्या कामावर होते. सखूला मी हे सांगितलं तेव्हा ती टोपलीवरचा फडका नीट करत राहिली. मग म्हणाली, "सोन्यासारका मानूस. आनी आपल्या गावान त्याला आपलं पानी पाजून घालवला."

कारखाना अजून चालतो. पऱ्या अजून वैशाखात काळा होतो. शेठजींच्या भिंतीवर दर पावसाळ्यात चुन्याखालून शेवाळ वर येतं आणि दर दिवाळीला शेठजी ते घासून घेतात. माझी शाळेची वाट त्या भिंतीवरूनच जाते. फाल्गुन लागला की मी सकाळची उरलेली पेज लोट्यात घालून नेते आणि जाता जाता भिंतीवर ओतते. भिंतीवरल्या शेवाळाने पऱ्याचं काही भलं होत नाही, हे मला कळतं. पांढऱ्या भिंतीवरून ओघळ येतात, शेठजी चिडतात, आणि गावात बोलतात की मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं. परवा त्यांच्या रखवालदाराने वाट अडवून विचारलं, "बाई, भिंतीला पेज कशापायी?"

मी म्हटलं, "ती उपाशी आहे," आणि लोटा पालथा केला.